माल कुणाचा उतरला?

दापोड्याच्या जमिनीत पूर्वी भात यायचा, आता भाडं येतं. भिवंडी तालुक्यातल्या या गावाला हा बदल स्वतः फारसा घाम न गाळता मिळाला. घाम गाळला तो मुंबईच्या जकात नाक्यांनी. माल मुंबईत शिरला की जकात भरा. मग तो वेशीबाहेरच उतरवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा, असा हिशेब व्यापाऱ्यांनी मांडला. नाशिक महामार्ग, घोडबंदरचा रस्ता आणि न्हावाशेव्याचं बंदर यांच्या बेचक्यात सापडलेली माणकोली, दापोडे, गुंदवली, वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर ही गावं एकेक करत पत्र्याखाली गेली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात गेली. आता गोदामंही जाणार म्हणून काही गाळामालकांनी आगाऊ सुतक पाळलं. तोवर ऑनलाइन खरेदीवाले दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांना आधीच्या भाडेकरूंच्या दुप्पट जागा हवी होती.

तेव्हापासून गावाचं अर्थशास्त्र सरळ आहे. ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे गाळा, ज्याच्याकडे गाळा त्याच्याकडे महिन्याच्या दहा तारखेला भाडं, आणि ज्याच्याकडे दहा तारखेला भाडं त्याच्याकडे अकरा तारखेला शेअर सुचवणारा पुतण्या.

मी इथे एका ट्रान्सपोर्टवाल्याचे हिशेब लिहितो. २०२४ साली मोठागाव-माणकोली पूल सुरू झाला आणि डोंबिवलीहून खाडी ओलांडून येणं सोपं झालं. वाचलेला सगळा वेळ मी टपरीवर घालवतो. शेअर बाजारातल्या अफवा दलाल स्ट्रीटवर जन्माला येतात असं मी वर्तमानपत्रांत वाचत आलो होतो. तिथे फक्त त्यांचं बारसं होत असावं. जन्म इथे होतो, कंटेनर मागे घेताना वाजणाऱ्या भोंग्याच्या तालावर.

सकाळी टपरीवरचा पहिला प्रश्न असतो, “माल कुणाचा उतरला?”

साबण, डायपर, एसी, बूट असा सगळाच माल उतरतो, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही. प्रश्न फोनबद्दल असतो. फोनचं खोकं (पुठ्ठ्याचं, विधानसभेतलं नव्हे) हातात घेतलं की हमाल एकदम तोलून मापून बोलायला लागतो. हे मी जवळून पाहिलं आहे. गाडी गाळ्याला पाठ लावते. कंपनीचा माणूस सीलचा नंबर फोनवर कुणाला तरी वाचून दाखवतो, पलीकडून होकार आला की कटरने सील तोडतात, आणि दार उघडायच्या आधी एक जण व्हिडिओ सुरू करतो. लग्नात नवरी मांडवात येताना जेवढे कॅमेरे नसतील तेवढे इथे असतात. खोकी निघतात ती लहान, घट्ट आणि टेपवर कंपनीचं नाव छापलेली. प्रत्येक खोकं काट्यावर ठेवतात, कारण वाटेत एक फोन काढून त्या जागी साबणाची वडी बसवणारे कलाकार या देशात आहेत. बाजूला टाळकुटे उभे असावेत तसे दोन रखवालदार उभे. हे सगळं बघत एक माथाडी दादा विडी न पेटवता तोंडात धरून असतो, आणि सगळं झाल्यावर निकाल देतो: “कोरियावाला थंड हाय या वख्ताला. चायनावाला चार गाड्या, ह्यो दीड.”

हाच निकाल अर्ध्या तासात टपरीवर पोचतो, दुपारपर्यंत काल्हेरला, आणि संध्याकाळी ठाण्यातल्या कुणाच्या तरी व्हॉट्सअॅप गटात ‘आतल्या सूत्रांनुसार’ म्हणून नांदू लागतो. मुंबईतल्या दलाली पेढ्यांतली टाय बांधलेली मुलं दुकानदारांना फोन करकरून हेच विचारतात. त्याला ती बाजाराची चाचपणी म्हणतात आणि वर तीस पानी अहवाल छापतात. आमच्या दादाचा अहवाल अडीच शब्दांचा असतो आणि तो वाराईच्या म्हणजे हमालीच्या पैशांत फुकट येतो.

दुसरा एक पंथ आहे, तो उतरलेल्या मालावर विश्वास ठेवत नाही. तो परतीचा माल मोजतो. दिवाळीचा सेल संपला की आठवडाभरात माणसं घेतलेले फोन परत पाठवायला लागतात: कुणाला रंग आवडला नाही, कुणाला बायकोने विचारलं ‘कशाला घेतलास’, कुणाचा खरोखरच तापतो. परतीच्या गाळ्यातला जौनपूरचा सुपरवायझर हा या पंथाचा महंत. कोणतं मॉडेल पडणार हे त्याला कंपनीच्या संचालक मंडळाच्या आधी कळतं, कारण संचालक मंडळापुढे तक्त्यातली रेघ येते आणि याच्यापुढे ढीग. “ये वाला बहुत वापस आ रहा है,” एवढंच तो म्हणतो आणि कान खाजवतो. त्याचं ते कान खाजवणं मी दोन वेळा भावावर परिणाम करताना पाहिलं आहे. भाव टपरीवरच्या मताचा, बाजारातला नव्हे.

मात्र एवढी आतली बातमी हाताशी असून दापोडेकरांची पंचाईत अशी की घ्यायला शेअरच नाही. सॅमसंग सोलच्या बाजारात, अॅपल न्यूयॉर्कच्या नॅसडॅकवर, शाओमी २०१८पासून हाँगकाँगमध्ये. व्हिवो आणि ओप्पो तर कुठल्याच बाजारात नाहीत, ते फक्त क्रिकेटच्या मैदानावर आणि पानटपरीच्या पाटीवर दिसत आलेले. स्वयंपाकघरातून खमंग वास येतोय आणि पंगतीत पान वाढलेलं नाही, अशी ही अवस्था.

मग आडवाट काढावी लागते. कुणी सांगतं, फोन भारतात जुळवणारी डिक्सन घ्या. ती सप्टेंबर २०१७मध्ये १,७६६ रुपयांना बाजारात आली होती आणि तेव्हा घेणारा आज आपल्याशी बोलत नसतो. पण दापोडेकराला असा महागडा शेअर बघूनच घाम येतो. एवढ्या पैशांत एकच? त्यापेक्षा दहा रुपयांचे दोन हजार घेतले तर नुसते मोजायलाच किती बरं वाटतं! दुसरा सांगतो, आयफोन आता टाटा बनवतात, म्हणजे टाटा घ्या. टाटा इलेक्ट्रॉनिक्सने २०२३मध्ये विस्ट्रॉनचा कोलारजवळचा कारखाना घेतला हे खरं, पण ही कंपनी बाजारात नाही. तेव्हा नावात टाटा असलेलं जे स्वस्त मिळेल ते घ्यायचं. याला अडाणीपणा म्हणून शहरातल्यांनी हसू नये. एप्रिल २०२१मध्ये करोनाच्या लाटेत प्राणवायूचा तुटवडा पडला, तेव्हा सुशिक्षित मुंबईने ‘बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स’चा शेअर काही आठवड्यांत दुपटीपलीकडे नेला होता. ती कंपनी २०१९पासून ऑक्सिजन बनवतच नव्हती. तिच्याकडे फक्त गुंतवणुका होत्या आणि नावात श्वास होता.

फोन बनवणाऱ्यांच्या वैराबद्दल इथलं मत मात्र अभ्यासपूर्ण आहे. अॅपल आणि सॅमसंग २०११पासून सात वर्षं कोर्टात भांडले. २०१२ साली अमेरिकन ज्यूरीने सॅमसंगला शंभर कोटी डॉलरहून जास्त दंड सांगितला, मग अपिलं, मग पुन्हा सुनावणी, आणि २०१८मध्ये आपसांत तडजोड. त्याच काळात आयफोनचा पडदा सॅमसंग बनवून देत होती. शेअर सुचवणाऱ्या अशाच एका पुतण्याने हे टपरीवर वाचून दाखवलं तेव्हा त्याला वाटलं, म्हातारे चकित होतील. गाळामालक तात्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “त्यात काय? आमची पन केस चालू हाय कल्यानला. इहीर एकच.”

इथूनच दापोड्याच्या गुंतवणूकशास्त्राचा खरा धागा हाती येतो. नफा, तोटा, कर्ज, तंत्रज्ञान हे सगळं वरवरचं. कंपन्यांमधली स्पर्धा ही मुळात भाऊबंदकी असते. ती कोण जिंकणार हे ताळेबंदावरून कळत नाही; वाटणी कशी झाली, थोरला कोण, आईचा ओढा कुणाकडे, यावरून कळतं. तात्या आणि आप्पा हे सख्खे भाऊ. वडिलांच्या जमिनीवर दोघांचे गाळे पाठीला पाठ लावून उभे, मध्ये अडीच फुटांचा बांध, आणि त्या अडीच फुटांसाठी गेली काही वर्षं वकिलाच्या मुलांची शिक्षणं चालू आहेत. तात्यांच्या गाळ्यात एका फोन कंपनीचा माल, आप्पांच्या गाळ्यात तिच्या प्रतिस्पर्ध्याचा. हमाल दोन्हीकडे तेच.

त्यामुळे भारतातल्या मोबाइल धंद्याचा इतिहास इथे जेवढा मन लावून ऐकला जातो तेवढा अर्थशास्त्राच्या वर्गातही ऐकत नसतील. २००२च्या डिसेंबरात, धीरूभाईंच्या जन्मदिवशी, रिलायन्सने मोबाइल सेवेची घोषणा केली. पुढच्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत फोन हातात दिला, आणि ज्या गावात पीसीओच्या काचेला चिकटून रांग लागायची तिथे टेम्पोवाल्याच्या कमरेला फोन लटकला. हा फोन सीडीएमएचा. बाकीच्यांचे जीएसएमचे. आत काय फरक आहे हे तेव्हा कुणाला कळलं नाही. बाहेर एवढाच कळला की जीएसएमवाल्याचं सिमकार्ड निघतं आणि याचं निघत नाही. एवढ्या फरकावर जगभर पैसा लागला होता. सीडीएमएची पेटंटं धरून बसलेल्या क्वालकॉमचा शेअर १९९९ या एका वर्षात २,६०० टक्क्यांहून जास्त वाढला, आणि वर्ष संपायच्या दोन दिवस आधी एका विश्लेषकाने त्याला हजार डॉलरचं लक्ष्य दिलं तेव्हा तो एका दिवसात दीडशे डॉलरहून अधिक उसळला. पुढच्या वर्षी फुगा बसला. तिकडे अभियंते तंत्रज्ञानावर वाद घालत होते, इकडे परवाना, लिमिटेड मोबिलिटी (ठरावीक टापूतच चालणारा फोन) आणि कोर्टकचेऱ्यांवर दोन गट एकमेकांची गचांडी धरत होते. तात्यांचा पक्ष ठरलेला होता. धीरूभाईंचा फोन, म्हणजे आपला.

मग १८ जून २००५ला धीरूभाईंच्या पत्नी कोकिलाबेननी दोन मुलांतली वाटणी जाहीर केली. मोबाइल धाकट्याकडे गेला. जानेवारी २००६मध्ये रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे धाकट्याच्या चार कंपन्यांचा एकेक शेअर मिळाला, आणि गावातल्या जुन्या भागधारकांना घरबसल्या भाऊबंदकीचं प्रमाणपत्र हाती आल्यासारखं झालं. दोन भावांनी एकमेकांच्या धंद्यात उतरायचं नाही असंही ठरलं होतं. जानेवारी २००८मध्ये धाकट्याच्या मोबाइल कंपनीचा, आरकॉमचा, भाव ८००च्या वर होता. तेव्हा तात्यांना कुणीतरी म्हणालं, थोडे विका. तात्या म्हणाले, “कनाला इकू? वाटनीत आलेलं कोन इकतं काय?”

२०१०च्या मे महिन्यात तो न उतरण्याचा करार दोन्ही भावांनी रद्द केला. वर्तमानपत्रांनी दिलजमाईचे मथळे दिले, बाजार खूश झाला. दापोड्यात त्या दिवशी टपरीवर एकटे आप्पा गंभीर होते म्हणे. खुणेचा दगड कुणी काढला की तो जागा साफ करायला काढत नाही, हे ज्यांना बांध आहे त्यांना कळतं. पुढच्याच महिन्यात थोरल्याने इन्फोटेल ही नव्याने स्पेक्ट्रम मिळवलेली कंपनी ४,८०० कोटींना घेतली. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, डेटा फुकट, बोलणं फुकट. २०१७ संपता संपता धाकट्याची मोबाइल सेवा बंद झाली, आणि २८ डिसेंबरला, पुन्हा धीरूभाईंच्याच जन्मदिवशी, थोरल्याने धाकट्याचे मनोरे आणि स्पेक्ट्रम घ्यायचं जाहीर केलं. शेअरने काही दिवस असा काही उंच उडीचा खेळ केला की गावातल्या गावात पेढे वाटले गेले. तो व्यवहार पुढे बारगळला. मार्च २०१९मध्ये एरिक्सनचे पैसे थकल्यामुळे धाकट्यावर तुरुंगाची वेळ आली. थोरल्याने मदत केली आणि धाकट्याने दादा-वहिनींचे जाहीर आभार मानले. त्या वर्षी शेअर एक रुपयाच्या खाली गेला.

तात्यांनी अजून विकलेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, “भाव उतरला म्हनून नातं उतरत नाय.” हे वाक्य ऐकून डोळ्यात पाणी आणणारी माणसं आहेत. मी हिशेब लिहिणारा असल्यामुळे माझ्या डोळ्यांत फक्त आकडे आले.

पुतण्याची पिढी वेगळी. तिला नात्याशी देणंघेणं नाही, तिला उलटफेर हवा असतो. पुतण्या ठाण्यात बीएमएस झाला आहे, त्याच्याकडे दोन फोन आहेत आणि तिन्हीत्रिकाळ तो चार्जरला बांधलेला असतो. त्याचा सिद्धांत असा की भांडणात जो खाली पडलाय त्याच्यावर पैसे लावायचे, कारण वर असलेल्याला आणखी वर जायला जागा नसते. एअरटेल २००२ साली ४५ रुपयांना आली होती, सुरुवातीला तीही घसरली होती, आणि बघा आज! या एका उदाहरणावर त्याने दहा मेलेल्या कंपन्या छातीशी धरल्या. टाटा टेलिसर्व्हिसेस महाराष्ट्र हा त्याचा हुकमी दाखला. टाटांनी सामान्य ग्राहकांचा मोबाइल धंदा २०१९मध्ये एअरटेलला देऊन टाकला, २०२० साली शेअर दोन-तीन रुपयांत पडला होता, आणि जानेवारी २०२२मध्ये तोच शेअर २९०च्या घरात. धंदा देऊन टाकल्यावर शंभर पट! यातून गावाने असा निष्कर्ष काढला की काही धंदे न करणं हेच फायद्याचं. त्या निष्कर्षाला दापोड्यात आधीपासूनच अनुकूल वातावरण होतं. शेती सोडून गाळे बांधणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पुतण्याने मात्र तो घेतला २७०ला.

पण पुतण्याची खरी प्रीती व्होडाफोन आयडियावर. ऑगस्ट २०१८मध्ये दोन कंपन्या एक झाल्या आणि ग्राहकसंख्येत देशात पहिल्या ठरल्या. एकत्र कुटुंब पुन्हा झालं, म्हणून म्हाताऱ्यांनाही ते लग्न आवडलं होतं. वर्षभरानंतर, २४ ऑक्टोबर २०१९ला, थकीत सरकारी देण्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि कंपनीने एका तिमाहीत ५०,९२१ कोटींचा तोटा जाहीर केला. एवढा तिमाही तोटा भारतात कुणी पूर्वी दाखवला नव्हता. हा आकडा टपरीवर सांगितला तेव्हा भज्यांचा घाणा काढणारा थांबला आणि विचारता झाला, “एवढं त्यांना दिलं कुनी होतं?” आजवर ऐकलेला अर्थशास्त्रातला सर्वांत मुद्देसूद प्रश्न हाच. पुढे २०२१च्या ऑगस्टमध्ये कुमारमंगलम बिर्ला अध्यक्षपदावरून उतरले, आपला हिस्सा सरकारला द्यायची तयारी त्यांनी आधीच पत्राने कळवली होती. शेअर पाच रुपयांच्या खाली. पुतण्याने घेतले. सप्टेंबरात सरकारने देणी चार वर्षं पुढे ढकलायची सोय केली, शेअर वर. पुतण्याने आणखी घेतले. फेब्रुवारी २०२३मध्ये सरकारने व्याजाच्या बदल्यात दहा रुपये दराने शेअर घेऊन तेहेतीस टक्के हिस्सा पदरात पाडून घेतला, तेव्हा बाजारात तोच शेअर सात-आठ रुपयांना मिळत होता. पुतण्या त्या दिवशी राजासारखा चालत होता. “सरकारने दहाला घेतला, आपुन सातला. हुशार कोन?”

सप्टेंबर २०२४मध्ये तर नवलच झालं. गोल्डमन सॅक्सने या शेअरचं लक्ष्य २.२ रुपयांवरून वाढवून अडीच रुपये केलं. वाढवलं! आणि वाढवल्याची बातमी वाचून शेअर एका दिवसात पार कोसळला, कारण तोवर लक्ष्य काय आहे हे घेणाऱ्यांपैकी कुणी वाचलंच नव्हतं. २०२५मध्ये सरकारने आणखी ३६,९५० कोटींची देणी पुन्हा दहाच्या भावाने शेअरमध्ये बदलून घेतली आणि हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ नेला. आता पुतण्या कुणी हसलं की म्हणतो, माझा पार्टनर भारत सरकार आहे. आणि पार्टनर काय करतो? सरासरी काढतो.

या सरासरीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण दापोड्यात सध्या तोच कुळाचार आहे. शेअर विसाला घेतला, दहावर आला, की आणखी तेवढेच दहाला घ्यायचे. आता आपली सरासरी पंधरा. पाच रुपये वाचले! खिशातून आणखी पैसे गेले याची नोंद कुठेच होत नाही, सरासरी मात्र खाली येते आणि माणसाला वजन उतरल्यासारखं हलकं वाटतं. कुणाला भेटलं की तब्येत विचारत नाहीत, सरासरी विचारतात. आणि वयासारखीच ती कुणी खरी सांगत नाही. लग्नाच्या वयात ज्याने दोन वर्षं कमी सांगितली होती तो आता तीन रुपये कमी सांगतो.

सरासरीला कंटाळलेले वायद्यात शिरतात. तिथे फोन कंपन्यांचं भांडण महिन्याच्या हप्त्याने खेळता येतं. सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायद्यातल्या ९३ टक्के किरकोळ खेळाडूंचा तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. हे मी पुतण्याला छापील दाखवलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “म्हणजे सात टक्के जिंकतात ते खरं आहे तर.” जुने लोक यात लुडबुडत नाहीत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि मिटत्या भावावर सुरू झालेला मटका त्यांच्या तरुणपणी जोरात होता. त्यांनी ओपन आणि क्लोज एकदा पाहून घेतलं आहे.

आप्पांचं मात्र सगळंच उफराटं. ते कुठल्याही फोन कंपनीवर पैसे लावत नाहीत. त्यांनी इंडस टॉवर्स घेतला होता. जे मनोरे एअरटेलही भाड्याने घेते आणि व्होडाफोन आयडियाही, ते मनोरे बांधणारी कंपनी. म्हणजे गाळेवाल्याने गाळेवाल्याचा शेअर घेतला. भांडा तुम्ही, भाडं आम्हाला. ऐकून गाव गार झालं. मग एका भाडेकरूने भाडं थकवलं. हजारो कोटी. २०२२मध्ये शेअर खाली खाली जाऊ लागला, आणि आप्पा टपरीवर येईनासे झाले, कारण तात्या रोज मोठ्याने विचारत, “काय र, भाडेकरू पलाला काय कोनाचा?” आप्पांनी ना विकले ना सरासरी काढली. थकलेला भाडेकरू कसा सांभाळायचा हे त्यांना माहीत होतं: हाकलायचं नाही, हाकलला तर मागचं बुडतं, रोज नमस्कार करायचा. २०२४मध्ये थकबाकी वसूल होऊ लागली, शेअर उठला, आणि आप्पा पुन्हा टपरीवर दिसू लागले. तेव्हा तात्या येईनासे झाले.

तर गेल्या वर्षी तात्यांनी एका मोबाइल सेवा कंपनीच्या वार्षिक सभेत बोलायचं ठरवलं. करोनापासून या सभा व्हिडिओवर होतात. पूर्वी मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात जाऊन अध्यक्षांना सुनावता यायचं आणि वर बटाटावड्याचं पाकीटही मिळायचं. आता पाकीट गेलं आणि सुनावणं तीन मिनिटांवर आलं. पुतण्याने नाव नोंदवलं. भाषण लिहून काढायला मला सांगितलं. मुद्दे तात्यांचे: एक, अध्यक्ष महोदयांचं आरोग्य. दोन, बोनस. कंपनी तोट्यात असली तरी बोनस द्यायला काय जातं, नुसते कागद तर आहेत. तीन, प्रतिस्पर्ध्याला घाबरू नये, त्याचा माल आम्ही रोज बघतो, तो वाटतो तेवढा नाही. चौथा मुद्दा मी खोडला. तो आप्पांच्या बांधाबद्दल होता.

सभेच्या दिवशी तात्या इस्त्रीचा सदरा घालून गाळ्यातल्या ऑफिसात बसले. चारी बाजूंनी पत्रा, वरही पत्रा. पत्र्यात रेंज येत नाही, हा निसर्गनियम सर्व कंपन्यांना सारखाच लागू आहे. व्हिडिओवर अध्यक्ष गोठले. पुतण्या फोन घेऊन बाहेर पळाला, मागून तात्या, मागून कागद घेऊन मी. दाराशी एक कांडी. रस्त्यावर दोन, पण तिथे कंटेनर मागे घेत होता. पुतण्या फोन डोक्यावर धरून फिरत फिरत जिथे चारही कांड्या भरल्या तिथे थांबला, आणि मग आम्हाला कळलं आपण कुठे आलो ते. या कंपनीचं नेटवर्क ज्या मनोऱ्यावर चालतं तो मनोरा आप्पांच्या जमिनीत. आम्ही बांध ओलांडून आप्पांच्या अंगणात उभे होतो.

“पुढचे वक्ते भिवंडीहून,” अध्यक्षांच्या बाजूच्या बाईंनी इंग्रजीत पुकारलं. तात्यांनी घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली. छान बोलत होते. आरोग्य झालं, बोनस झाला, प्रतिस्पर्ध्याला चार शब्द सुनावून झाले. ऑफिसच्या पायरीवर आप्पा केव्हा येऊन उभे राहिले ते आमच्या लक्षात आलं नाही. “सर, आपण म्यूटवर आहात,” असं त्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा पुतण्याने बटण दाबलं. तोवर वेळ संपली होती आणि दादरचे कुणी भागधारक अध्यक्षांना दीर्घायुष्य चिंतत होते.

तात्या फोन खिशात घालायला लागले. आप्पा दोन पायऱ्या उतरले.

“सरासरी किती तुझी?”

“आठ,” तात्या म्हणाले.

“एकवीस चाळीस,” पुतण्याच्या तोंडून निघून गेलं.